लोटणीची पंगत

मी वाशिंदची. म्हणजे स्टेशनची. घराच्या मागून रेल्वे, पुढून कारखान्याचा भोंगा, असल्या सपाट गावात वाढलेली मुलगी मी, आणि लग्न होऊन आले कुठं, तर मुरबाडच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याला, जिथं एसटीसुद्धा मनात आलं तरच यायची. दहावी पास होते. स्वयंपाक येत होता, भात लावता येत होता, चार माणसांत बोलता येत होतं. माधुरी असं चांगलं नाव होतं आईबापांनी ठेवलेलं. पण उंबरठ्यावरचं माप ओलांडून आठ दिवस झाले नाहीत तर माझं नाव पडलं ‘ठेसनवाली’. ते पाडलं माझ्या नणंदेनं, बाळीनं.

बाळी वाईट होती असं मी म्हणणार नाही. कामाला वाघीण, कुणाच्या घरी आजारपण आलं तर आधी हजर. पण जीभ म्हणजे नुसती कोयती. तिला वाडीतल्या वाडीतच दिलेली, त्यामुळे सासर आणि माहेर एका हाकेवर, आणि दोन्हीकडे हुकूम हिचाच. माझ्या भाकरीला कड फुटली की म्हणायची, असू दे, ठेसनवाली आहे. माझा पाय चिखलात घसरला की म्हणायची, असू दे, ठेसनवाली आहे. त्या ‘असू दे’नं माझं डोकं जेवढं फिरायचं ना, तेवढं शिवीनंही फिरलं नसतं.

पण तिचा खरा हुकमाचा पत्ता होता लोटण.

आमच्या वाडीच्या डोक्यावर पठार आहे. दसरा झाला की सगळी वाडी गवत कापायला वर जायची. ते गवत मुरबाडच्या वखारीत जायचं, तिथं त्याचे गठ्ठे बांधायचे आणि मग ट्रकानं मुंबईच्या तबेल्यांना. आता एवढं गवत डोक्यावरून खाली आणायचं म्हणजे माना मोडायच्या. म्हणून जुन्या माणसांनी कड्याच्या एका अंगाला वाट धरली होती, भारे लोटून लोटून गुळगुळीत झालेली. पठाराच्या काठावर भारा बांधायचा आणि द्यायचा लोटून. मध्यावर एक उंबर आहे, तिथं थोडी सपाटी, तिथं भारा थांबायचा. तिथला माणूस पुन्हा लोटायचा की भारा थेट खाली खळ्यात. ही लोटण.

आणि हंगामाचा शेवटचा भारा रिकामा सोडायचे नाहीत. त्या वर्षी वाडीत जी नवी सून आली असेल, तिला त्याच्यावर बसवायचे. हसू नका, खरं सांगते. काष्टा मारलेला, पाय पुढं, हातात मागं ओढायला ऐनाची फांदी, तोच काय तो ब्रेक. खाली सासू पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन ओवाळायला उभी. सून खाली पोचली की ती वाडीची झाली. त्याच्या आधी ती पाहुणीच.

मग खळ्यातच जेवण. वर्षातला हा एकच दिवस असा की बायका पुरुषांच्या आधी जेवायच्या. पहिली पंगत लोटण उतरलेल्या बायकांची. त्यांनी मांडी घालून बसायचं, मागायचं, नावं ठेवायची, आणि बाकीच्यांनी वाढायचं. पुरुष लाकडं फोडत लांब उभे. मी लग्न होऊन आले तो पहिला हंगाम मला अजून आठवतो. मी काष्टा कसा मारायचा ते आरशात बघून शिकले होते, आणि जयराम म्हणून जो भारे बांधायचा तो म्हणाला, आता माणूस नाय बसवायचा.

झालं होतं असं की आदल्याच हंगामात वखारीच्या मुकादमाचा भाचा मस्ती करत भाऱ्यावर बसला आणि खळ्याच्या बांधावर आपटून मांडी मोडून घेतली. त्याला जीपमध्ये आडवा घालून कल्याणला नेला. वाचला, चालायलाही लागला, पण वखारवाल्यानं हात जोडले आणि वाडीच्या माणसांनी ठरवून टाकलं की यापुढे भारेच उतरतील, माणसं नाही.

बंद झालं ते झालं. पण पंगत बंद झाली नाही. आधी उतरलेल्या बायका दरवर्षी पहिल्या पंगतीला बसतच राहिल्या, आणि मी दरवर्षी वाढतच राहिले. माझ्यामागून आलेल्या सुनांना त्याचं काही नव्हतं. त्या म्हणायच्या, जेवायला मिळाल्याशी मतलब. त्यांचे नवरे अंबरनाथला कंपनीत, घरात टीव्ही, कुठल्या पंगतीचं काय घेऊन बसायचं. पण मला होतं. खोटं कशाला बोलू, मला फार होतं. मी त्या वाडीत दोन मुलं जन्माला घातली, सासऱ्याचं दुखणं काढलं, चिखलात कंबर मोडेपर्यंत भाताची आवण लावली, आणि वर्षातून एकदा भाताचं पातेलं कमरेवर घेऊन त्या बायकांपुढे वाकताना मला वाटायचं, मी अजून उंबरठ्याबाहेरच उभी आहे.

आणि त्यांच्या गप्पा. देवा. एक घास खायच्या आणि दहा वेळा लोटण उतरायच्या. पठाराच्या काठाखाली एक मोठा खडक बाहेर आलाय, त्याला नाक म्हणतात, तिथं लोटण डावीकडे वळते. बाळी सांगायची, नाकाजवळ पोटात असा गोळा येतो की बाळंतपणात येत नाय. दुसरी सांगायची, माझ्या बांगड्या फुटल्या. तिसरी सांगायची, मी डोळे उघडे ठेवून आले. दरवर्षी वारा वाढायचा, दरवर्षी कडा उंच व्हायचा. शेवटी बाळी हात पुसत माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, असू दे, तुला नाय कळायचं.

या सगळ्यात माझी सासू गुणाबाई एक दिवसही त्या पंगतीत बसली नाही. पत्रावळी मांडायला लागले की ती उठायची, गाय बांधायची राहिली, मला भूक नाय, असलं काहीतरी पुटपुटायची आणि घरी निघून जायची. मला आधी वाटलं, माझ्यासाठी. सुनेनं वाढायचं आणि सासूनं बसायचं हे तिला बरं वाटत नसेल. एकदा मी विचारलं तर म्हणाली, त्या पंगतीत माझं काय काम. बाळीला विचारलं तर ती हसली. म्हणाली, आयेला भाऱ्याची भीती वाटायची असणार, म्हणून तर कधी लोटणीचं नाव काढत नाय. मला सासूची कीव आली. म्हटलं, म्हातारीही माझ्यासारखीच बाहेरची. तिच्यावर माझा जीव होताच, त्या दिवसापासून जरा जास्त बसला.

तर असं करता करता दोन हजार सात साल आलं. मे महिन्यात आमच्या बचत गटाची सहल निघाली. तानशाच्या रस्त्याला कुणीतरी रिसॉर्ट काढलं होतं, त्याच्यात निळी प्लास्टिकची घसरगुंडी, वरून पाणी सोडलेलं. जिन्यावर ओळीत उभं राहायचं, वर शिट्टी घेतलेला पोरगा, तो सांगणार हात छातीवर घ्या, पाय जुळवा, आता जा. खाली दुसरा पोरगा हात धरून उठवायला. बाळी आणि तिच्या पंगतीवाल्या एकेक करून घसरल्या आणि तोंड वाकडं करून बाहेर आल्या. ही काय घसरगुंडी, म्हणे. इथं पडायचं म्हटलं तरी पडता येत नाय. लोटणीवर बसवा म्हणावं या शिट्टीवाल्याला, तिथंच लुंगी सोडून पळेल.

मी मात्र पुन्हा पुन्हा घसरले. काय सांगू, मला इतकं आवडलं. पोटातून हसू फुटत होतं. केस गळ्याला चिकटलेले, नाकातोंडात पाणी, मी बाहेर आले ती दात दाखवतच. बाळी बाकड्यावर वडापाव खात बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ठेसनवालीला हेच झेपतंय, असू दे.

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण परतीच्या टेम्पोत मी कुणाशी बोलले नाही. मनात एकच, मरू दे मेलं, मी बसणार.

पावसाळा संपता संपता खबर आली की पठार विकलं. मालक कल्याणचा होता, त्यानं मुंबईच्या पार्टीला दिलं, दिवाळीनंतर तारेचं कुंपण येणार. उभं आहे तेवढं गवत काढून न्या, पुढल्या वर्षी नाही. वखारही तशी मोडकळीलाच आली होती, तबेलेच कमी झालेले. म्हणजे लोटणीचा हा शेवटचा हंगाम. कापणीच्या दिवसांत सगळे जरा गप्प गप्पच होते. बाळीसुद्धा. एकदा तर मी तिला पठाराच्या काठावर एकटीच उभी राहून खाली बघताना पाहिलं, डोळे भरलेले. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माझा हिशोब वेगळा होता. लोटण गेली की पंगत गेली, आणि मी जन्मभर वाढपीच राहणार.

कापणी संपायला आली त्या दिवशी दुपारच्या चहाला सगळे बसले असताना मी उभी राहिले आणि सांगितलं की शेवटच्या भाऱ्यावर मी बसणार. पहिला माझा नवरा महिपत बोलला. तो मुरबाड-कल्याण वडापची जीप चालवतो, त्याला जगातली सगळी हाडं कल्याणच्या दवाखान्यापर्यंतच्या अंतरात मोजायची सवय. म्हणाला, चाळिशीला आलीस, सून आणायचं वय झालं, काय पोरखेळ लावलायस. मी म्हटलं, नवी सून म्हणून बसायची राहिले, ती जुनी सून म्हणून बसते. म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. आता बंदी घालायला वखारवाला राहिला नव्हता आणि पुढल्या वर्षी काही राहणार नव्हतं. एकजण म्हणाला, बसू द्या.

बाळी हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, बसतेस तर बस, आमी सगळ्या उंबरापाशी येतो. मला वाटलं, अर्ध्यावर उभं राहून माझी फजिती बघायचीय हिला. ये म्हटलं, खुशाल ये.

रात्रभर महिपतनं कूस बदलली. सकाळी सासूनं पेटीतून तिचं जुनं जाड लुगडं काढलं आणि माझ्यापुढे टाकलं. म्हणाली, साडी नेसून जाऊ नको, फाटून जाते. स्वतः माझ्यामागे बसून तिनं मला काष्टा मारून दिला, घट्ट, श्वास अडकेल इतका. मग माझा दंड धरला.

“नाकाजवळ फांदी डाव्या अंगाला दाब,” ती म्हणाली. “आणि डोळे मिटू नको. काही झालं तरी मिटू नको.”

मी हो म्हटलं. इतकी वर्षं खाली उभी राहून बघितलंय तिनं, म्हणून ठाऊक असेल, एवढंच माझ्या मनात आलं.

पठारावर मी बैलवाटेनं गेले, बाकीच्या बायका मधल्या पायवाटेनं उंबराकडे वळल्या. वर नुसता वारा. कापलेल्या गवताचे खुंट, आणि लांब कोपऱ्यात कुंपणाचे सिमेंटचे खांब येऊन पडलेले. जयरामनं शेवटचा भारा बांधून ठेवला होता. मी जाऊन त्याच्यावर बसले तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

“इथनं?” तो म्हणाला.

आता याला काय म्हणावं. मी बसलेय जायला, आणि हा थट्टा करतोय. मी म्हटलं, इथनं नाय तर काय वाशिंदवरनं बसू? तो डोकं खाजवायला लागला, खाली उंबराकडे बोट करायला लागला, काहीतरी म्हणाला की इथून बसलेलं माणूस त्यानं लहानपणी... मी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. मला भीती वाटत होती की तो दोन वाक्यं बोलला तर माझी हिंमत जाईल. मी म्हटलं, जयराम, बोलू नको, बांध आणि लोट. त्यानं मुकाट्यानं भाऱ्याला आणखी एक दोर आवळला, पुढच्या बाजूला पाय अडकवायला फास करून दिला, ऐनाची चांगली मोठी फांदी माझ्या काखेत दिली. मग तो देवाचं नाव घेऊन मागं गेला आणि त्यानं दोन्ही हातांनी लोटलं.

पहिल्यांदा भारा हलला फक्त. मला वाटलं, एवढंच? आणि मग खालची जमीन गेली.

मी ओरडले की नाही मला आठवत नाही. धूळ, गवताची कुसळं, डोळ्यांत पाणी, अंगाखाली दगडाचा खरखर आवाज, आणि समोर काही नाही, नुसतं आभाळ आणि त्याच्याखाली आमची वाडी, पिकलेली शेतं, माझ्या घराची कौलं. एका क्षणी मनात आलं, माधुरी, तू मेलीस. करवंदीच्या जाळीनं दंड ओरबाडला. मग समोर तो खडक आला, नाक, इतक्या वेगानं की माझे डोळे मिटायलाच लागले होते, आणि कानात सासूचा आवाज आला. मी डोळे फाडून उघडे ठेवले आणि सगळं अंग टाकून फांदी डावीकडे दाबली. फांदी कडकड मोडली, पण भारा वळला. खडक माझ्या उजव्या खांद्याला चाटून मागे गेला. आणि बाळी म्हणायची तसा गोळाबिळा काही आला नाही पोटात. हसू आलं. तानशाच्या त्या निळ्या घसरगुंडीवर आलं होतं तेच, पण त्याचं मोठं भावंड. मी हसत सुटले.

उंबर आला. माझी अपेक्षा होती की तिथं भारा जरा थांबेल, पण वर माणूस बसलेला भारा कुठला थांबतो. सपाटीवर तो एकदा उडाला, मीही उडाले, आणि त्या उडण्यात मला सगळ्याजणी दिसल्या. उंबराखाली ओळीनं उभ्या होत्या. बाळी अगदी पुढं, हातात दुसरी फांदी धरून, मला द्यायला आणल्यासारखी, तोंड उघडं. मी तिच्या हातभर अंतरावरून गेले. जाताना मी तिला हात केला. मुद्दाम नाही हो, आपोआप झाला.

पुढचं म्हणजे काहीच नाही. उंबराखालची लोटण रुंद, उतार सौम्य, मी राणीसारखी बसून आले. खळ्यात पेंढ्याचा ढीग लावून ठेवला होता त्याच्यात भारा घुसला आणि थांबला. महिपतची जीप तोंड रस्त्याकडे करून उभी, इंजिन चालू. तो धावत आला आणि माझे हातपाय चाचपायला लागला, जणू मी जीपचे टायर. मी म्हटलं, इंजिन बंद कर, डिझेल फुकट जातंय.

सासू तांब्या घेऊन आली. माझ्याभोवती पाणी फिरवलं, भाकरीचा तुकडा ओवाळून लांब टाकला. आणि मग माझ्या केसांतली कुसळं काढत ती म्हणाली, “वरनं आलीस.”

मी म्हटलं, मग कुठून येणार. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तोंड मात्र हसत होतं.

तासाभरात जेवण तयार झालं. वालाचं बिरडं, कोंबडीचा रस्सा, नव्या तांदळाचा भात. पळसाच्या पत्रावळी मांडल्या आणि म्हाताऱ्या माणसांनी हाक दिली, लोटणीची पंगत बसू द्या. मी हात धुतले, दंडावरचं रक्त पुसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा जाऊन पहिल्या पत्रावळीवर बसले. मांडी घालून. लुगडं गुडघ्यापर्यंत फाटलं होतं, तरी ऐटीत. आणि बाकीच्यांची वाट बघायला लागले.

कुणी बसेना.

त्या सगळ्या खळ्याच्या कडेला उभ्या. एकमेकींकडे बघतायत, पायानं जमीन उकरतायत. माझी कानशिलं तापायला लागली. म्हटलं, आता काय राहिलं? उतरले ना मी? आता माझ्या शेजारी बसायची लाज वाटते यांना? मी उठून बोलणारच होते, चांगलं तोंड भरून, इतक्या वर्षांचं सगळं. तेवढ्यात बाळी पुढं आली. ती खळ्याच्या मध्यावर उभी राहिली आणि कधी नव्हे ते खाली मान घालून बोलली.

“आमी उंबरापासनं बसलेलो,” ती म्हणाली. “सगळ्या. वरनं कोण नाय आलेली.”

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, आणि नाक? ती म्हणाली, नाक आमी गवत कापताना बघितलंय तेवढंच. मला जयरामचं खाजवणारं डोकं आठवलं, बाळीच्या हातातली फांदी आठवली. त्या मला उंबरापाशी बसवायलाच तिथं उभ्या होत्या. सगळ्या वाडीतल्या बायका उंबरावरून बसल्या होत्या, खालून करवंदीआड ते दिसत नसे, आणि वर्षानुवर्षं सांगता सांगता त्यांची लोटण आपोआप वर चढत गेली होती. बाळीला तर आता स्वतःलाच खरं वाटायला लागलं असणार. आणि वाडीत त्या बाता पूर्णपणे खऱ्या मानणारी एकच होती, मी, ठेसनवाली. म्हणून मी वर गेले.

बाळी गप्प राहिली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. ती आली आणि बोलली, हे तिचंच काळीज. माझा राग कुठं गेला कळलं नाही. पण म्हणून काही मी उठले नाही. एवढी काही मी संत नाही. मी पत्रावळ जरा पुढं ओढली.

“मग वाढ,” मी म्हटलं.

पुरुषांत कुणीतरी खोकलं. बाळीनं पदर खोचला, भाताचं पातेलं कमरेवर घेतलं आणि माझ्यापुढे वाकली. एवढ्या मोठ्या खळ्यात मी एकटी बसलेली, सगळी वाडी बघतेय. भात पानात पडला, आणि मला एकदम अवघडल्यासारखं झालं. ज्या पंगतीसाठी एवढा जीव टाकला तिच्यात मी एकटीच. घास उचलला तर हात जड.

तेव्हा मागून पावलं वाजली. सासू. ती आज गाय बांधायला गेली नव्हती. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसली, आणि कोपरानं मला ढकललं.

“सरक गो,” गुणाबाई म्हणाली. “एकटीची पंगत होत नाय, म्हणून मी आजवर बसले नाय.”

बाळीच्या हातात पातेलं तसंच राहिलं. आये, तू, एवढंच ती म्हणाली. सासूनं पत्रावळ सरळ केली आणि सांगितलं की तिच्या वेळी उंबरापाशी सपाटी नव्हतीच. भारे फुटायला लागले म्हणून ती पुरुषांनी मागाहून केली. तोवर सगळ्या सुना वरूनच यायच्या. त्यांची पंगत भरलेली असायची. मग एकेक करून त्या गेल्या, आणि ती एकटी उरली. लेकीच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या पानात माती कशाला कालवायची, म्हणून ती दरवर्षी घरी जात राहिली.

तिनंच मला काष्टा मारून दिला होता, तिच्याच लुगड्यात. मी तिचा हात धरला आणि मला रडू कोसळलं, अगदी भोकाड, भाताच्या पानावर. सासू म्हणाली, जेव आधी, भात निवतोय.

आम्ही जेवलो. दोघीजणी, पहिल्या पंगतीला, सगळी वाडी उभी आणि आम्ही बसलेल्या. मी दोनदा रस्सा मागितला. बिरड्याला मीठ कमी आहे असंही सांगितलं, नव्हतं कमी तरी. बाळी मुकाट्यानं वाढत होती. तिसऱ्यांदा भात घेऊन आली तेव्हा ती वाकली ती तशीच उकिडवी बसली आमच्यापुढे, पातेलं मांडीवर घेऊन. आणि अगदी हळू, पोरीसारखं विचारलं तिनं.

“नाकापाशी कसं वाटतं गो?”

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी सासूनं हातातला घास खाली ठेवला होता. कडेच्या सगळ्या बायका पुढं सरकल्या, भोवती येऊन बसल्या, पुरुषांची पंगत राहिली बाजूला. आणि जिनं इतक्या वर्षांत लोटणीचं नाव काढलं नव्हतं, ती माझी सासू गुणाबाई सांगायला लागली.